अरबी जलाशय

धोरण चौसष्ट पानांचं होतं, पेनड्राइव्हवर आलं.
सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेसाठी
मी अकरा प्रती काढल्या, मग शाई संपली.
वाचलं फक्त मी,
कारण पंचायतीचा प्रिंटर हळू आहे.

पान नऊवर खारफुटी होती.
पान बारावर नारळाच्या झावळ्यांच्या झोपड्या.
पान चौदावर: "अरबी जलाशयाच्या भरतीरेषेलगत
पांढऱ्या वाळूची चौपाटी विकसित करावी."
कुणीतरी एका रात्रीत
सगळे समुद्र पुसून तिथं जलाशय बसवले होते.
मीही तेच करते दाखल्यांमध्ये. एका क्लिकचं काम.

सावरटोल्याला समुद्र नाही.
धरण आहे, आणि धरणामागं अडून राहिलेली नदी.
तिच्या पोटात जुना सावरटोला.
एखाद्या कोरड्या जूनमध्ये शाळेचा झेंड्याचा चौथरा वर येतो,
त्यावर पाणकावळे पंख वाळवतात.

साहेब तरुण, दापोलीकडचा, बिवलकर नावाचा.
आमच्या थंडीनं ओठ फुटलेले, स्वेटरवर स्वेटर.
भरतीरेषा म्हणजे, तो म्हणाला,
पाणी सगळ्यात वर जिथं पोचतं ती.
सरपंच म्हणाले, पहिल्या वर्षी दोन हजार पर्यटक धरा.

मागून सुग्रताबाई उठली,
ढिवर सोसायटीची खजिनदार.
"ते रेषा मले माहीत हाये.
चला, दाखवतो."

अर्धी सभा तिच्यामागं काठावर.
"अश्विनात पानी या बाभरीच्या गाठीले लागते.
मंग कालव्याले सोडतेत, ते उतरते,
रोज दोन बोटं.
उतरते तिथं गार सोडते.
त्या गारात मी डांगर लावतो.
तुमची चौपाटी, साहेब,
माह्या डांगरवाडीत पडून रायली.
आन बरसातीत ह्याच गवतात मासोरी अंडे टाकते.
वारू टाकली का दोघं बी गेले."

साहेब खाली बसला, उकिडवा.
बोट घातलं गाळात, नखापर्यंत.
मग कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाला,
आमच्या गावात भरतीरेषेच्या आत एकशे चार खोल्या आहेत.
सहा आमच्या.
विहीर खारी झाली.
मे महिन्यात आई टँकरला नंबर लावते,
आधी पाहुण्यांची आंघोळ, मग घरचा स्वयंपाक.

मी चौसष्ट पानं पुन्हा चाळली.
ती विहीर कुठंच नव्हती.

तर पाहुणे किती? सरपंचांनी घड्याळ पाहिलं.
सुग्रताबाईनं बोरिंगकडं पाहिलं.
"दीडशे हांडे देते. मंग हवा ओकते.
गावाले एकशे दहा लागतेत.
उरले चाळीस. एका मानसाले एक हांडा.
कराना हिशोब."
हिशोब करायला काही उरलं नव्हतं.

ठराव मी टाइप केला.
डोंगे सात, वल्ह्याचे. मोटार नाही.
आषाढ-श्रावण पाणी बंद.
उष्ट्या पत्रावळी कोंडवाड्यामागच्या खड्ड्यात.
खोली घरातलीच, नवी नाही.
एवढ्यावर भांडण झालं, दोन तास,
कारण गोपीचंदनं सिमेंट आधीच आणून ठेवलं होतं
आणि ते आता कुणाच्या संडासाला लावायचं
हे अजून ठरलेलं नाही.

समुद्राचे सगळे शब्द मी काढले,
खारफुटी, नारळ, शिंपले.
भरती तेवढी ठेवली. पुढं कंसाशिवाय लिहिलं:
भरती अश्विनात एकदा.
ओहोटी माघ ते ज्येष्ठ, सावकाश.

चैतातल्या पहिल्या रविवारी त्रेचाळीस जण आले.
जास्तीच्या तिघांना
आम्ही मोहाखाली बसवलं.
त्यातला एक नागपूरचा, जरा चिडला,
कुणाकुणाला फोन लावत होता, रेंज नव्हती.
सुग्रताबाईनं त्याच्यापुढं डांगर फोडलं.
"खा. तवरिक कोनी जाईल."
तो खाताना बिया कुठं टाकू म्हणाला.

तिनं हात पुढं केला.